धवळ्यांची वही

ठाण्याहून भिवंडीकडे जाताना बाळकूम मागे पडले, की काशेळीचा पूल लागतो. पुलाखालून उल्हास नदीची खाडी वाहते. भरतीच्या वेळी ती तुडुंब भरून काठच्या तिवरांच्या मुळांशी खेळते. ओहोटी लागली, की काळ्याभोर चिखलाचे रुंद पट्टे उघडे पडतात. पुलापलीकडे काशेळी आणि काशेळीला लागूनच काल्हेर. आज ह्या रस्त्याने जाणाऱ्या प्रवाशाला काल्हेर हे एके काळी भातशेतीचे गाव होते, हे सांगूनही खरे वाटणार नाही. दुतर्फा गोदामे, मालमोटारींच्या रांगा, उंच इमारती आणि रस्त्याच्या मध्यावर मेट्रोमार्गाचे खांब. मुंबईच्या जकातीच्या हद्दीबाहेर आणि तरीही मुंबईच्या अगदी जवळ, म्हणून व्यापाऱ्यांनी आपला माल साठविण्यासाठी ही भूमी निवडली. पुढे २०१७ साली मुंबईची जकात बंद झाली. गोदामे मात्र राहिली.

ह्या गोदामांच्या मागे, एका अरुंद वाटेच्या टोकाला, आगरी कुटुंबाचे एक जुने कौलारू घर होते. त्या घरातील आजी २०२२ सालच्या मार्गशीर्षात वारल्या. घरासमोरच्या पाच-सहा गुंठ्यांच्या खाचरातले भात त्याच आठवड्यात झोडून झाले होते. पेंढ्याचा ढीग अंगणात तसाच होता.

मृत्यूची नोंद एकवीस दिवसांच्या आत करावयाची असते. नातू अर्ज भरावयास बसला आणि वयाच्या रकान्याशी येऊन थांबला. आधारपत्रावर १ जानेवारी ही जन्मतारीख होती. पण ती अंदाजाने घातलेली होती, हे घरातील सर्वांनाच ठाऊक होते. ज्यांना आपला जन्मदिवस सांगता आला नाही, अशा कितीतरी वृद्धांचे वाढदिवस कागदोपत्री असे १ जानेवारीलाच येतात. आजींच्या मुलांना आईचे वय सांगता येईना. तेव्हा आतल्या दारात उभी असलेली नातसून म्हणाली, "अठ्ठ्याऐंशी लिहा."

सर्वांनी वळून तिच्याकडे पाहिले. तिने हिशेब सांगितला.

आजी एक गोष्ट वारंवार सांगत असत. त्या लहान असताना बापाबरोबर मिठागरावर गेल्या होत्या. भरतीचे पाणी वाफ्यांत घ्यावे, उन्हाने ते आटू द्यावे आणि तळाशी जमलेले मीठ लाकडी फळीने ओढून ढीग लावावेत, असे ते काम. मिठाच्या शेताला 'आगर' म्हणतात आणि त्यावरूनच 'आगरी' हे नाव पडले, असे सांगितले जाते. उन्हाळ्याचे दिवस होते. कडेवर धाकटा भाऊ होता. आकाशात ढगाचा ठिपका नसताना एकाएकी गडगडाट झाला. बाप म्हणाला, वळीव येतोय, मीठ झाका. सर्वांनी धावपळ करून ढिगांवर पेंढा टाकला. पाऊस काही आला नाही. दुसऱ्या दिवशी कळले, की मुंबईच्या गोदीत बोट फुटली. ती बोट म्हणजे 'फोर्ट स्टिकीन'. तिच्यात दारूगोळा आणि कापसाच्या गासड्या भरलेल्या होत्या आणि १४ एप्रिल १९४४ रोजी दुपारी चारनंतर ती व्हिक्टोरिया गोदीत उडाली. त्या स्फोटाचा आवाज कित्येक मैल दूर ऐकू गेला होता. आता, भावाला कडेवर घेऊन मिठागराच्या बांधावरून चालू शकणारी मुलगी नऊ-दहा वर्षांची असणार. म्हणजे जन्म १९३४च्या आसपासचा.

नातसुनेने हा हिशेब एकाच खुणेवर सोडला नव्हता. तिच्याजवळ दुसरीही खूण होती, आणि ती तर तिच्या स्वतःच्या माहेराशी जोडलेली होती. ११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे कोयनेचा भूकंप झाला. काल्हेरला त्या पहाटे भांड्यांवरची झाकणे वाजली आणि आजींच्या धाकट्या मुलाचा पाळणा कोणी न हलवता हलू लागला. आजींनी आधी पाळण्याखाली मांजर आहे का, ते पाहिले होते. नातसून पाटण तालुक्यातली. कोयना धरण त्याच तालुक्यात आहे. तिच्या आजीच्या घराची भिंत त्याच पहाटे कोसळली होती. ही गोष्ट ती काल्हेरच्या घरात प्रथम बोलली, तेव्हा आजी बराच वेळ गप्प राहिल्या आणि मग त्यांनी विचारले, "मंग पोरं वाचली का गो?" पस्तीस-छत्तीस वर्षांपूर्वीच्या पोरांची ती चौकशी होती. पोरे वाचली होती. त्यांतलीच एक ह्या नातसुनेची आई.

त्या दिवसापासून आजींचा तिच्यावरचा राग थोडा निवळला. कारण प्रारंभी राग होता, हे लपविण्यात अर्थ नाही.

नातवाने लग्न केले ते २००४ साली, नोंदणी कार्यालयात. मांडव नाही, हळद नाही, वाजंत्री नाही. सुनेला घरात घेताना आजींनी तांदूळ-पाणी ओवाळले. पण त्यांच्या तोंडून एक अक्षर निघाले नाही. ज्यांना आजींची माहिती होती, त्यांना त्या मौनाचा अर्थ कळला. आजी धवलारीण होत्या. आगरी लोकांच्या लग्नात विधी चालतात ते धवलारणींच्या गाण्यांनी. मांडव उभारताना, हळद दळताना, हळद लावताना, नवरानवरी समोरासमोर उभी राहताना, आणि अखेर मुलीची पाठवणी करताना त्या त्या वेळचे गीत त्या गातात. ह्या गीतांना म्हणतात धवळे. पंचक्रोशीतल्या कितीतरी मुली आजींच्या धवळ्यांनी सासरी गेल्या होत्या. आणि त्यांच्या स्वतःच्या घरात सून आली, ती धवळ्यावाचून. "तुजा लगीन कागदाव झाला, गल्यातून नाय झाला," असे त्या एकदा तिला म्हणाल्या. हे त्या रागाने म्हणाल्या नाहीत. आमटीत मीठ राहिले आहे, असे सांगावे, तसे सांगितले.

नातसुनेला ते वाक्य समजावयासही वेळ लागला. काल्हेरची आगरी बोली तिला नवी होती. ह्या बोलीत 'ळ'चा 'ल' होतो आणि 'ण'चा 'न'. गूळ म्हणजे गूल, पाणी म्हणजे पानी. पहिल्या पावसाळ्यात ती लावणीसाठी खाचरात उतरली. गुडघाभर चिखल, हातात रोपांची मूठ, आणि पाठीमागून आजींचा आवाज, "मूल नीट धर गो, मूल मोडू नको!" तिने दचकून बांधाकडे पाहिले. शेजारणीचे लेकरू बांधावर बसलेले होते. ते पडते आहे, असे समजून ती चिखलातून धडपडत तिकडे धावली आणि हातातली रोपे वाहून गेली. आजींना म्हणावयाचे होते रोपाचे 'मूळ'. ही गोष्ट पुढे गावभर झाली. कोणी लेकरू रडताना दिसले, की आजी म्हणत, "बग गो, रोप रडतंय."

ती त्यांना 'अहो आजी' म्हणे आणि 'तुम्ही' म्हणे, हे त्यांना मुळीच आवडत नसे. "मना तुमी-बिमी नको म्हनू. मी काय सायब हाय?" असे त्या म्हणत. घाटावरच्या मुलीच्या जिभेला मोठ्यांना 'तू' म्हणणे जमेना. शेवटी दोघींनी मध्यममार्ग काढला. ती 'आजी' एवढेच म्हणे आणि क्रियापद शक्य तो गाळून टाकी.

२००५ सालचा पाऊस कोकणात आणि मुंबईत अजून कोणी विसरलेले नाही. २६ जुलैला मुंबईत सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. उल्हास नदीला महापूर आला. बदलापूर, कल्याण पाण्याखाली गेले. काल्हेरच्या खाजणात नदीचे पाणी आणि भरतीचे पाणी एकमेकांना भिडले आणि नुकतीच लावलेली रोपे गाळाखाली गाडली गेली. घरात पाणी शिरू लागले, तेव्हा जो तो आपापली किमतीची वस्तू माळ्यावर चढवू लागला. कोणी कपाटातली कागदपत्रे घेतली, कोणी दूरदर्शनसंच उचलला. आजींनी नातसुनेला हाताला धरून कणगीकडे नेले आणि तळाशी ठेवलेली भाताची एक गोणी दाखविली. दोघींनी ती ओढत ओढत माळ्यावर नेली. लावणी तर झालेली, आता बियाणे कशाला, असे तिला वाटले. पण विचारण्याची ती वेळ नव्हती.

पाणी ओसरल्यावर गावात सगळे कपाळाला हात लावून बसले. पुन्हा पेरावे, रोपे वाढवावी आणि मग लावणी करावी, तर महिना जाणार आणि पीक हाती येण्यापूर्वीच पाऊस सरणार. आजींनी माळ्यावरची गोणी खाली काढावयास लावली. ते हळवे भात होते. गरव्या भातापेक्षा हळवे लवकर पिकते, म्हणून त्या दर वर्षी थोडे हळवे बियाणे वेगळे राखून ठेवीत. ते त्यांनी एक दिवस पाण्यात भिजविले, मग ओल्या गोणपाटात घट्ट दडपून ठेवले. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दाण्यांना पांढरे मोड आले. चिखल सपाट करून ते मोड आलेले दाणे त्यांनी मुठीने सरळ खाचरात फेकले. ह्या रीतीला रहू म्हणतात. रोपे वाढविण्याचे आणि उपटून लावण्याचे दिवस तिच्यात वाचतात. त्या वर्षी ह्या खाचरात निम्मे पीक आले. निम्मे हे थोडे खरे. शेजारच्या खाचरांत काहीच आले नाही, हे पाहिले म्हणजे त्याची किंमत कळते.

गोदामे वाढत गेली, तशी खाचरे एकेक करून भरावाखाली गेली. त्यावर आजींनी कधी रडगाणे गाइले नाही. त्यांच्या दोन मुलांनीही जमीन दिली होती आणि त्या पैशांत नातवंडांची शिक्षणे झाली होती. मात्र सायंकाळी ओटीवर बसून गोदामाच्या भल्यामोठ्या पत्र्याकडे पाहत त्या म्हणत, "आमचे कनगीत आमचा भात व्हता. ह्यांचे कनगीत कोनाचा काय हाय, ता ह्यांना पन माहीत नाय."

नातसून अशाच एका गोदामात हिशेब लिहिण्याच्या कामावर जाई. कोणता माल किती आला आणि किती गेला, ह्याच्या नोंदी ठेवणे हे तिचे काम. आठ-नऊ वर्षे ती आजींबरोबर गावोगावच्या लग्नांना जात होती आणि तिच्या लक्षात एक गोष्ट आली. आजींच्या जोडीला गाणाऱ्या बाया दर वर्षी कमी होत होत्या. तरुण मुलींना ध्रुपदाच्या ओळी तेवढ्या येत; पुढचे सारे आजींवर सोपवून त्या मोकळ्या होत. २०१३ साली तिने गोदामातून रद्दीत निघालेली एक जाडजूड नोंदवही घरी आणली. तिच्यात तारीख, आवक, जावक, वजन असे छापील रकाने होते. आवकेच्या रकान्यात ती धवळे लिहू लागली.

हे काम वाटते तितके सोपे नव्हते. आजी सांगू लागल्या, की विसरत. गाऊ लागल्या, की आठवत. गाताना थांबविले, की पुन्हा पहिल्यापासून प्रारंभ करीत. एखाद्या ओळीचा अर्थ विचारला, तर म्हणत, तो हळदीला विचार. बोली जशीच्या तशी लिहावी, का शाळेत शिकलेल्या मराठीत लिहावी, हाही प्रश्न पडला. पहिली चार गाणी तिने 'शुद्ध' करून लिहिली आणि आजींना वाचून दाखविली. त्या म्हणाल्या, गाणे चांगले आहे, कोणाचे आहे? ती पाने तिने फाडून टाकली आणि ऐकू येईल तसे लिहिण्यास प्रारंभ केला.

ह्या शब्दाचे नाते किती दूरवर पोहोचते, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. मराठीतली पहिली कवयित्री म्हणून जिचा आदराने उल्लेख होतो, ती महदंबा तेराव्या शतकात होऊन गेली. महानुभाव पंथाच्या ह्या कवयित्रीने विदर्भातील रिद्धपूर येथे श्रीगोविंदप्रभू ह्यांच्या लग्नाच्या हौशीच्या प्रसंगी श्रीकृष्ण-रुक्मिणीच्या विवाहावर गीते रचली. त्या गीतांचेही नाव 'धवळे' असेच आहे. काल्हेरच्या आजींनी महदंबेचे नावही ऐकलेले नव्हते. परंतु लग्नात गावयाचे गीत तो धवळा, हा शब्द सातशे वर्षांनंतरही त्यांच्या तोंडी होता. महदंबेचे धवळे कोणीतरी लिहून ठेवले, म्हणून आपल्यापर्यंत आले. तोंडोतोंडी चालणारी इतर गाणी मात्र गाणारीबरोबरच जातात. ती जाऊ नयेत म्हणून अनेकांनी कष्ट घेतले आहेत. साने गुरुजींनी स्त्रियांच्या ओव्या जमविल्या. महाराष्ट्र राज्य लोकसाहित्य समितीच्या वतीने डॉ. सरोजिनी बाबर ह्यांनी गावोगावची गाणी मिळवून ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ ह्यांच्या प्रयत्नांतून जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्यांचा संग्रह झाला. नातसुनेची वही त्यांच्यापुढे फारच लहान. तिच्यात सदतीस धवळे होते.

अडतिसावा राहिला. तो पाठवणीचा.

बाकीचे सगळे आजींनी हौसेने सांगितले. पाठवणीचा धवळा काही केल्या सांगेनात. "नवरी नाय, मांडव नाय. मंग गाना कोनासाठी?" असे म्हणून त्या विषय बदलीत. घरात बसून पाठवणी गाइली, तर घरातले माणूस जाते, अशी त्यांची समजूत होती. लग्नांत त्या तो गात, तेव्हा नातसून जवळच उभी असे. पण पाठवणीच्या वेळी मुलगी रडत असते, तिची आई रडत असते, आणि अलीकडे तर ध्वनिक्षेपकावरच्या गाण्यांत धवलारणीचा आवाज पार बुडून जातो. दोन-चार शब्दांपलीकडे तिच्या हाती काही लागत नसे. पुढे आजींचे डोळे अधू झाले आणि त्या लग्नांना जाईनाशा झाल्या. मग घाई कशाला, पुढच्या उन्हाळ्यात विचारू, असे करता करता वर्षे गेली.

दहाव्या दिवशी सगळे खाडीकाठी जमले. पिंड मांडला, कावळा शिवेना. अर्धा तास झाला, तास झाला. लोक कुजबुजू लागले, की आजींची काही इच्छा राहिली असावी. मोठ्या मुलाने हात जोडून सांगितले, की घरासमोरचे खाचर विकणार नाही. थोरल्या नातवाने सांगितले, की पणतीचे लग्न थाटाने करू. कावळा आला नाही. नातसून मागे उभी होती. तिने कोणाला काही सांगितले नाही. पण त्याच वेळी तिच्या मनात अशी एक गोष्ट आली, की ती जागच्या जागी बसली. नवरी नाही, म्हणून आजी तो धवळा सांगत नव्हत्या. आणि ज्या मुलीचे लग्न गळ्यातून झालेच नाही, असे त्यांनीच म्हटले होते, ती मुलगी तर रोज वही घेऊन त्यांच्यासमोर बसत होती! "आजी, माझे लग्न राहिले आहे. मलाच नवरी समजून म्हणा," एवढे एक वाक्य बोलावयाचे होते. ते अठरा वर्षांत तिला सुचले नाही.

इतक्यात भरती चढू लागली. उघड्या चिखलात निवट्या टिपणारे कावळे पाणी येताच उडून काठावर आले आणि त्यांतल्या एकाने पिंडाला चोच लावली. वडीलधाऱ्या मंडळींनी सुटकेचा श्वास सोडला. खाडीत पाग टाकण्यात आयुष्य घालविलेले आजींचे धाकटे दीर हळूच म्हणाले, की भरतीची वेळ आधी विचारली असती, तर तासभर उन्हात बसावे लागले नसते.

पणतीचे लग्न २०२४च्या उन्हाळ्यात झाले. पाठवणीच्या वेळी नातसुनेने स्वतः जाऊन ध्वनिक्षेपक बंद करावयास लावला. आजींच्या हाताखाली गाइलेल्या दोन म्हाताऱ्या बाया तिने शेजारच्या गावांतून मुद्दाम आणविल्या होत्या. एकीला आरंभ येत होता. दुसरीला मधला, माहेरच्या माणसांची नावे घेण्याचा भाग ठाऊक होता. शेवट आला आजींच्या मुलीला. तिने तो साठ वर्षांपूर्वी, कोणाकडून न शिकता, आईच्या पदराला धरून ऐकला होता. गाणे सुरू झाले आणि मुलगी अंगणातून वाटेकडे निघाली. मधला भाग संपला आणि शेवट सुरू होण्यापूर्वी एक जागा आली, तेथे तिघीही थांबल्या. तेथे दोन ओळी होत्या, हे तिघींनाही ठाऊक होते. ओळी कोणालाच येत नव्हत्या. क्षणभर अंगण निःशब्द झाले. मग त्यांतल्या सर्वांत थकलेल्या बाईने शब्दांवाचून नुसता सूर धरला. दोघींनी तिला साथ दिली. दोन ओळी भरतील एवढा वेळ तो सूर चालला आणि मग आजींच्या मुलीने शेवट उचलला. नवरी तोवर वाटेच्या वळणापाशी पोहोचली होती.

त्या रात्री नातसुनेने नोंदवही उघडली आणि तारीख घालून अडतिसावा धवळा लिहिला. मधल्या दोन ओळींची जागा तिने कोरी सोडली. घरी कोणी वृद्ध बाई आली, की तिला चहा दिल्यावर ती आता हा एकच प्रश्न विचारते. मागे खारबावच्या एका बाईने एक ओळ सांगितली. ती ओळ चालीत नीट बसत नाही. दुसऱ्याच एखाद्या धवळ्यातली असावी. म्हणून ती पेन्सिलीने लिहिली आहे. तिच्याखालची ओळ अजून कोरी आहे.